बिनतारी जाळ्याचा कारभार : केंद्राकडे काय, शाखेकडे काय?

प्रवेशअर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचा अर्ज, निकाल ही सारी कामे आज महाजालावरून होतात. गडमुडशिंगीसारख्या करवीर तालुक्यातील गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याला महाविद्यालयातील वायफाय ही चैन राहिलेली नाही, ती गरज झाली आहे. अर्जाच्या शेवटच्या दिवशी वाचनालयात जोडणी मिळते आणि मागच्या वर्गखोलीत मिळत नाही, असे झाले तर त्याचे नुकसान खरेखुरे असते. म्हणून या जाळ्याचा कारभार कसा चालतो, हे कलाशाखेच्या विद्यार्थ्यानेही समजून घ्यायला हवे. प्रस्तुत लेखात तोच प्रयत्न केला आहे.

पूर्वपीठिका

बिनतारी संदेशवहनाशी आपल्या देशाचे नाते जुने आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी 1895 साली कोलकात्यात विद्युत्‌लहरी भिंतीपलीकडे पाठवून दाखविल्या. संगणक बिनतारी जोडण्याचा पहिला मोठा प्रयोग हवाई बेटांवर झाला. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांच्या मार्गदर्शनाखाली 1971 साली ‘अलोहानेट’ सुरू झाले. निरनिराळ्या बेटांवरील यंत्रे एकाच मध्यवर्ती संगणकाशी लहरींवरून बोलू लागली, आणि दोघे एकाच वेळी बोलले तर दोघांचाही संदेश वाया जातो, ही अडचण तेथेच प्रथम ठळकपणे दिसली. आज वायफाय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीचे पहिले प्रमाणक 1997 साली आले. भारतात 2.4 गिगाहर्ट्‌झचा पट्टा 2005 साली परवानामुक्त झाला आणि महाविद्यालये, कचेऱ्या व घरे यांना हे जाळे स्वतः उभारणे सोपे झाले.

अनेक दिवे, एकच हवा

छतावर किंवा भिंतीवर बसविलेल्या ज्या पेटीशी आपला मोबाईल जोडला जातो, तिला ॲक्सेस पॉईंट म्हणतात. एक पेटी सर्व इमारतीला पुरत नाही. लहर दगडी भिंतीत क्षीण होते, तर पत्र्यावरून परतते. म्हणून अनेक पेट्या बसवाव्या लागतात. परंतु पेट्या वाढवल्या की सोय वाढते, हा समज अपुरा आहे.

समजा, एका दुमजली इमारतीत बारा पेट्या आहेत आणि प्रत्येक पेटी आपल्या मर्जीने चालते. आपल्याकडे 2.4 गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात 13 वाहिन्या मिळतात. मात्र त्या एकमेकींवर चढलेल्या असतात. एकमेकींना न अडवणाऱ्या वाहिन्या निवडायच्या तर 1, 6 आणि 11 अशा तीनच उरतात. शेजारच्या दोन पेट्यांनी एकच वाहिनी धरली, की त्यांना हवेतील वेळ वाटून घ्यावा लागतो. पेट्या दोन असूनही काम एकीएवढेच होते. उसाच्या पाण्याची पाळी न ठरवता सर्वांनीच पाट फोडावा, तसा हा प्रकार होय. भरीला परवलीचा शब्द बदलायचा झाल्यास बारा ठिकाणी जाऊन बदलावा लागतो. त्यात एखादी पेटी राहून गेली, तर तेवढे दार जुन्या किल्लीने उघडेच राहते.

यावर उपाय म्हणून मध्यवर्ती नियंत्रक, म्हणजे कंट्रोलर, आला. पेटी आणि कंट्रोलर यांनी एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलावे, याचा ‘कॅपवॅप’ नावाचा संकेत 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार नवी पेटी सुरू होताच प्रथम स्वतःसाठी पत्ता मागून घेते, मग कंट्रोलरचा शोध घेते. दोघे परस्परांची ओळख पटवून घेतात. नंतर कंट्रोलर तिला वाहिनी, प्रक्षेपणाची ताकद, जाळ्याचे नाव आणि सुरक्षेचे नियम देतो. पुढे ठरावीक अंतराने पेटी आपली खुशाली कळवीत राहते. शेजारची पेटी बंद पडल्याचे कळले, तर कंट्रोलर भोवतालच्या पेट्यांची ताकद वाढवून पडलेली जागा शक्य तितकी भरून काढतो.

कामाची वाटणी

मग सगळीच कामे केंद्राकडे द्यावीत काय? अभ्यासण्यासारखा खरा प्रश्न येथेच आहे. त्यासाठी गडमुडशिंगीजवळच्या गोकुळ शिरगावचे उदाहरण घेऊ. तेथे दुग्धालय असलेला कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ 1963 साली स्थापन झाला. गावच्या संस्थेत सभासदाचे दूध मोजायचे, त्याचा फॅट पाहायचा, हे काम जागेवरच आणि त्या क्षणीच व्हावे लागते. त्यासाठी दूध संघाकडे पाठवून उत्तराची वाट पाहिली, तर दूध नासेल. दर मात्र संघ ठरवतो. गावोगाव वेगळा दर असता, तर सहकाराला अर्थच उरला नसता.

वायफायमध्येही नेमकी अशीच वाटणी आहे. मोबाईलकडून संदेशाचा तुकडा आला, की पोच 10 ते 16 मायक्रोसेकंदांत सुरू व्हावी लागते. एवढ्या वेळात कंट्रोलरला विचारून येणे शक्य नाही. म्हणून पोच देणे, दर सेकंदाला सुमारे दहा वेळा आपल्या अस्तित्वाची हाक देणे ही कामे पेटीच करते. कोणाला प्रवेश द्यावा, कोणती वाहिनी कोणाकडे असावी, विद्यार्थी एका खोलीतून दुसरीत गेला तर त्याची नोंद कशी पुढे न्यावी, ही सगळ्या जाळ्याकडे पाहून करायची कामे केंद्राकडे जातात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एक पेटी सोडून दुसरीकडे जाण्याचा निर्णय शेवटी मोबाईलच घेतो. कंट्रोलर सुचवू शकतो, हात धरून नेऊ शकत नाही. जिना चढून वर गेल्यावरही मोबाईल खालच्याच पेटीला चिकटून बसतो, त्याचे कारण हे आहे.

वारणेचा धडा

केंद्र आणि गावे जोडण्याचा मोठा प्रयोग आपल्याच परिसरात होऊन गेला आहे. वारणानगरच्या सहकारी समूहाला केंद्र मानून आसपासच्या 70 गावांना संगणकाने जोडण्याची योजना 1998 साली हाती घेण्यात आली. तिचा गाजावाजा देशभर झाला. पुढे संशोधकांनी पाहणी केली, तेव्हा गावातील संगणकांचा उपयोग मुख्यतः ऊस, वजन, खते आणि हिशेब यांची देवघेव करण्यासाठीच होत असल्याचे आढळले. म्हणून काही गावांत संगणकाच्या जागी मोबाईलवरील लघुसंदेशाचा प्रयोग करण्यात आला, आणि 2007 साली त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. केंद्र कितीही समर्थ असले, तरी गावच्या टोकाला कोणते काम खरोखर होते हे पाहूनच साधन निवडावे, असा धडा त्यातून घेता येतो.

केंद्राचे धोके

केंद्रीकरणाचे दोष राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे नाहीत. महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या, त्यामागे सगळे निर्णय मुंबईत होऊ नयेत हाच विचार होता. जाळ्यातही पहिला धोका हाच आहे. सर्व पेट्या एकाच कंट्रोलरवर अवलंबून असल्या आणि तो बंद पडला, तर सारी इमारत मुकी होते. म्हणून दुसरा कंट्रोलर राखीव ठेवतात, किंवा केंद्र तुटले तरी शेवटच्या आज्ञेनुसार काम चालू ठेवणाऱ्या पेट्या निवडतात.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. कोणते उपकरण कोणत्या वेळी कोणत्या पेटीजवळ होते, हे कंट्रोलरला कळते. सुरक्षित संकेतस्थळावर आपण काय वाचतो ते त्याला दिसत नाही, पण आपण वाचनालयात होतो की उपाहारगृहात, हे नोंदीवरून सांगता येते. बिघाड शोधण्यासाठी ही नोंद उपयोगी पडते, पाळत ठेवण्यासाठीही पडू शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2023 साली संमत केला आहे. तेव्हा नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि त्या कोणी पाहायच्या, याचा लेखी नियम प्रत्येक संस्थेत असावा आणि तो विद्यार्थ्यांना माहीत असावा.

समारोप

केंद्र सरकारने डिसेंबर 2020 मध्ये मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेतही हेच सूत्र दिसते. चहाच्या टपरीचा किंवा किराणा दुकानाचा मालक स्वतःची पेटी लावून जोडणी देऊ शकतो. ग्राहकाची ओळख आणि हिशेब वरचा जुळवणीदार पाहतो. आणि या सर्वांची यादी एका मध्यवर्ती नोंदवहीत राहते.

तात्पर्य, जे काम क्षणात व्हायला हवे ते जागेवर व्हावे, ज्यासाठी सर्वांकडे पाहावे लागते ते केंद्रात व्हावे, आणि केंद्राच्या हाती जी माहिती जाते तिच्यावर नियमाचा लगाम असावा. महाविद्यालयाचे जाळे चांगले की वाईट, हे कंट्रोलरच्या किमतीवरून ठरवता येणार नाही. मागच्या बाकावरच्या विद्यार्थ्याचा अर्ज वेळेत गेला की नाही, यावरूनच ते ठरेल.