व्युत्पत्तिकोशातील नोंद कशी वाचावी?

प्रश्न : व्युत्पत्तिकोशातील ‘सं.’, ‘प्रा.’ ही अक्षरे आणि काही रूपांआधीचे तारांकन यांचा अर्थ काय? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : कृ. पां. कुलकर्णी यांच्या ‘मराठी व्युत्पत्ति कोशा’सारख्या ग्रंथात ‘सं.’ म्हणजे संस्कृत आणि ‘प्रा.’ म्हणजे प्राकृत, अर्थात शब्द ज्या भाषेतून उतरला ती भाषा. जसे, ‘ठाणे’ हे गावाचे नाव शिलाहार राजांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ असे येते. ‘स्थान’मधील ‘स्थ’चा प्राकृतात ‘ठ’ आणि ‘न’चा ‘ण’ होऊन ‘ठाण’ हे रूप सिद्ध होत असल्याने येथे लेखी पुरावा हाताशी आहे. तारांकित रूप मात्र, उदाहरणार्थ टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात, कोणत्याही ग्रंथात आढळलेले नसून भगिनीभाषांतील शब्द ताडून अनुमानाने बांधलेले असते.