माणूस विकाऊ नाही

अमेरिकेत पूर्वी माणसांचा बाजार भरे. पुढे देशाला नवा मुलूख मिळाला. तिथे गुलाम ठेवावेत का? मोठा वाद झाला. १८२० साली रेघ ओढली : दक्षिणेला गुलाम चालतील, उत्तरेला नाही. १८५४ साली ती रेघही पुसली. १८६१ साली भावाभावांत युद्ध पेटले. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने गेली.

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ पुस्तक लिहिले. गुलाम सोडवणाऱ्या त्या लोकांना ते अर्पण केले.

आपल्याकडेही वेठ होती. कर्ज बापाचे, राबायचे लेकाने! १९५० साली घटनेने वेठीला मनाई केली. १९७६ च्या कायद्याने तसले कर्जच रद्द केले. उचलीपायी कुणी डांबून राबवले, तर हिंगोलीला जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

आता आपल्याला वाचता येते. कागद वाचू, मगच सही करू.