मॅरेथॉन : वेगाचा हिशेब आणि मनाचा कस

'मॅरेथॉन' हा शब्द आता आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की, चार तास लांबलेल्या सभेलाही आपण 'मॅरेथॉन सभा' म्हणून मोकळे होतो. लांबलचक आणि सोसायला कठीण असे जे जे काही, ते मॅरेथॉन, अशी समजूत या वापरामागे दडलेली आहे. प्रत्यक्ष शर्यतीविषयीही आपली कल्पना फारशी वेगळी नसते. जो जीव तोडून धावतो, रक्ताचे पाणी करतो, तो मनाने कणखर, असे आपण मानतो. माझ्या मते ही समजूत अर्धवट आहे. धावपटूच्या मनाचा कस शेवटच्या किलोमीटरात लागतो, हे खरेच. परंतु त्याहून अधिक तो पहिल्या दहा किलोमीटरांत लागतो. आणि तो कस सोसण्याचा नसून स्वतःच्या मापाशी इमान राखण्याचा असतो. इतिहास, शरीरशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या आधारे हे मत मांडण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे.

आधी इतिहास पाहू. १८९६ साली अथेन्स येथे पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन झाली, तेव्हा अंतर सुमारे ४० किलोमीटर होते. आजचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये आले आणि १९२१ मध्ये ते कायम ठरले. अथेन्सच्या त्या शर्यतीत आरंभी आघाडीवर होते ते ऑस्ट्रेलियाचा फ्लॅक, अमेरिकेचा ब्लेक आणि फ्रान्सचा लेर्म्यूझियो. हे तिघेही १५०० मीटरच्या शर्यतीतील पहिले तीन विजेते! परंतु मॅरेथॉन मात्र तिघांपैकी एकालाही पुरी करता आली नाही. एकामागून एक ते रस्त्यातच थांबले, आणि मागून आलेला स्पिरिडॉन लुई हा पाणी वाहून नेण्याचा धंदा करणारा ग्रीक तरुण २ तास ५८ मिनिटे ५० सेकंदांत पहिला आला. वेगवान कोण, असा प्रश्न असता तर उत्तर निश्चित निराळे आले असते. मॅरेथॉन विचारते तो प्रश्नच वेगळा आहे.

आपल्या भागाचाही या शर्यतीशी जुना संबंध आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये बेळगावचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि १९ वा आला. भारताच्या शिवनाथ सिंगने १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ११ वा क्रमांक मिळविला, तोही अनवाणी धावून. १९७८ मध्ये त्याने नोंदविलेली २ तास १२ मिनिटांची वेळ चाळीस वर्षांहून अधिक काळ राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकून राहिली.

आता याची दुसरी बाजू. इंग्लंडचा जिम पीटर्स हा १९५० नंतरच्या काळातील अत्यंत जिद्दी धावपटू. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये तो पहिल्यापासूनच जोरात सुटला. त्याच्याबरोबर होता चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक. झाटोपेकची ही आयुष्यातली पहिलीच मॅरेथॉन. हा वेग ठीक आहे ना, असे त्याने पीटर्सला विचारले, आणि वेग कमीच आहे असे पीटर्सने त्याला सांगितले, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. झाटोपेक पुढे निघून गेला व जिंकला. पीटर्सला शर्यत सोडावी लागली. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, व्हँकुव्हर येथे कडक उन्हात हाच पीटर्स दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापेक्षा सुमारे १७ मिनिटांनी पुढे राहून क्रीडांगणात शिरला, आणि तेथे पुनःपुन्हा कोसळला. अंतिम रेषा काही त्याला गाठता आली नाही. त्यानंतर तो कधीही शर्यतीत उतरला नाही. पीटर्सपाशी सोसण्याची ताकद नव्हती असे कोण म्हणेल? ती तर अफाट होती. १७ मिनिटांची आघाडी असताना वेग उतरवण्याची मुभा स्वतःला देणे, एवढेच त्याला जमले नाही.

हे असे का होते, याचे उत्तर शरीरशास्त्र देते. धावताना साधारणतः दर किलोग्रॅम वजनामागे दर किलोमीटरला एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला पुऱ्या मॅरेथॉनसाठी सुमारे २५०० किलोकॅलरी लागतात. स्नायू व यकृत यांत ग्लायकोजेनच्या रूपाने साठवलेली साखर मात्र सुमारे २००० किलोकॅलरी इतकीच असते. उरलेली तूट चरबीने भरून काढायची. चरबीचा साठा भरपूर असतो. परंतु ती सावकाश जळते. आपण जितके जोरात धावू तितका साखरेचा वाटा वाढतो व चरबीचा कमी होतो. त्यामुळे आरंभी जो वेग वाढवतो, तो केवळ लवकर दमत नाही, तर आपल्या मोजक्या साठ्याची उधळपट्टी करतो. तीसबत्तीस किलोमीटरांच्या सुमारास हा साठा तळाला गेला की पाय शिशाचे होतात. पाश्चात्त्य धावपटू याला 'भिंतीवर आदळणे' म्हणतात.

याचे साधे गणित मांडून पाहू. चार तासांत मॅरेथॉन पुरी करायची तर दर किलोमीटरला सुमारे ५ मिनिटे ४१ सेकंद हवीत. समजा, एखाद्याने पहिले दहा किलोमीटर ५ मिनिटे २० सेकंदांच्या गतीने काढले. त्याची साडेतीन मिनिटे वाचली. पुढे शेवटच्या दहा किलोमीटरांत त्याची गती ७ मिनिटांवर घसरली, तर त्याची तेरा मिनिटांहून अधिक गेली. साडेतीन मिनिटे कमावण्यासाठी तेरा मिनिटे मोजली! यालाच आपल्याकडे ऋण काढून सण करणे म्हणतात.

जगातील श्रेष्ठ धावपटूंचे आकडे नेमके याच्या उलट आहेत. एलिउड किपचोगेने २०१८ मध्ये बर्लिन येथे विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग १ तास १ मिनिट ६ सेकंदांचा व दुसरा १ तास ३३ सेकंदांचा होता. २०२३ मध्ये शिकागो येथे केल्विन किपटुमने नवा विश्वविक्रम केला. त्याचे दोन भाग अनुक्रमे १ तास ४८ सेकंद आणि ५९ मिनिटे ४७ सेकंद असे होते. दोघांचाही दुसरा भाग पहिल्यापेक्षा वेगवान!

मग सर्वांना ठाऊक असलेले हे गणित सर्वांना पाळता का येत नाही? कारण आरंभी शरीर खोटे बोलते. विश्रांती झालेली असते, सकाळची हवा गार असते, दुतर्फा लोक टाळ्या वाजवत असतात, आणि शेजारचा पुढे जातो तेव्हा आपला पाय नकळत त्याच्यामागे ओढला जातो. मी मुंबईच्या शर्यतीत २१ किलोमीटर धावलो आहे. तेथे उत्तरार्धात पेडर रोडचा चढ लागतो. त्या चढावर कमरेवर हात ठेवून चालणारे कितीतरी जण वरळीला मला झपाझप मागे टाकून गेलेले होते. त्यांच्यात ताकद कमी नव्हती. अनेकांची माझ्याहून अधिक असावी. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील १४ मॅरेथॉनमधील नव्वद हजारांहून अधिक नोंदी तपासल्या गेल्या. उत्तरार्धात पुरुषांची गती सरासरी १५.६ टक्क्यांनी, तर स्त्रियांची ११.७ टक्क्यांनी मंदावलेली आढळली. शरीररचनेचा यात काही भाग असेल. परंतु स्वतःच्या ताकदीविषयीचा फाजील विश्वासही याच्या मुळाशी असावा, असे संशोधकांनी सुचविले आहे. हे वाचून आम्हा पुरुषवर्गाने अंतर्मुख व्हावयास हरकत नाही!

मानसशास्त्राने या विषयात आणखी दोन गोष्टी दाखवून दिल्या आहेत. १९७७ मध्ये मॉर्गन व पोलॉक या संशोधकांनी अव्वल दर्जाच्या मॅरेथॉनपटूंचा अभ्यास केला. वेदना विसरण्यासाठी हे लोक मनात दुसरेच काही घोळवत असतील, अशी अपेक्षा होती. आढळले ते विपरीत. श्वास, पावले, स्नायूंचा ताण यांकडे त्यांचे सतत लक्ष होते, आणि त्यानुसार ते गती कमीजास्त करीत होते. दुसरा प्रयोग २००९ मधील मार्कोरा व सहकाऱ्यांचा. १६ जणांना दीड तास एकाग्रतेचे कंटाळवाणे काम देऊन मग सायकल चालवावयास लावले. मन थकलेले असताना त्यांनी एरवीपेक्षा लवकर हार मानली, जरी हृदय व स्नायू यांच्या क्षमतेत घट झालेली दिसली नाही. तात्पर्य, मन हीसुद्धा खर्च होणारी शिल्लक आहे. आरंभीच्या चढाओढीत ती उधळली, तर तिसाव्या किलोमीटरला, जेव्हा तिची खरी गरज असते, तेव्हा गाठीला काय उरणार?

येथे कोणी आक्षेप घेईल : मग मॅरेथॉन म्हणजे केवळ सावधपणा काय? भित्र्यांचाच हा खेळ म्हणावयाचा? या आक्षेपाला उत्तर म्हणून मी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा दाखला देतो. स्त्रियांची ती पहिलीच ऑलिम्पिक मॅरेथॉन. अमेरिकेची जोन बेनॉइट सुमारे पाच किलोमीटरांनंतरच घोळका सोडून एकटी पुढे निघाली. मागे ग्रेटे वाइट्झसारख्या जगज्जेत्या होत्या. कोणीही तिच्यामागे गेले नाही. ही दमणार, असाच बहुतेकांचा कयास असावा. ती दमली नाही. २ तास २४ मिनिटे ५२ सेकंदांत ती जिंकली आणि वाइट्झ तिच्यामागून सुमारे दीड मिनिटाने आली. बेनॉइटने वेगाची उधळपट्टी केली नव्हती. घोळक्याची गती तिच्या मापाला अपुरी होती, आणि ते ओळखून ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर एकटीने धावण्याचे धैर्य तिने दाखविले.

झाटोपेक, बेनॉइट आणि किपटुम यांच्या धावण्याच्या तऱ्हा निराळ्या. परंतु तिघांनीही वेग ठरवला तो आपल्या मापाने. संयम म्हणजे मंद धावणे नव्हे. सोबतचे पुढे पळत असताना मागे राहण्याची, आणि सोबतचे रेंगाळत असताना एकटे पुढे जाण्याची ज्याची तयारी असते, तोच खरा संयमी. त्यासाठी स्वतःचे माप आधी ठाऊक असावे लागते. ते शर्यतीच्या दिवशी सापडत नाही. महिनोन्‌महिने पहाटे उठून, घड्याळ लावून, एकट्याने केलेल्या सरावातच ते हळूहळू कळत जाते.

आपल्या महाविद्यालयातून दरवर्षी काही विद्यार्थी रस्त्यावरील शर्यतींत उतरतात. त्यांना पाठ थोपटून 'जीव तोडून धाव' असे सांगण्याची आपली रीत आहे. यापुढे आपण त्यांना निराळे काही सांगावे, असे मला वाटते. शेवटच्या दहा किलोमीटरांत काय करायचे ते शरीर आणि जिद्द मिळून पाहून घेतील. पहिल्या दहा किलोमीटरांत मात्र कोणी कितीही पुढे गेले, तरी आपले घड्याळ आणि आपला श्वास यांपलीकडे कोणाचे ऐकू नकोस.