नेट नसताना नकाशा : कुंभकोणमचा पाठ

मॅप रीडिंगच्या तासाला प्रिझमॅटिक कंपास हातात दिला, की दर बॅचमधला एखादा कॅडेट विचारतोच, "सर, मोबाइल असताना हे कशाला?" प्रश्न चुकीचा नाही. फक्त त्याचे उत्तर वर्गात नीट देता येत नाही. ते तंजावर जिल्ह्यात मिळते.

१६ नोव्हेंबर २०१८ च्या पहाटे गज चक्रीवादळ नागपट्टिनम आणि वेदारण्यम यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले. तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम या कावेरीच्या मुखाकडच्या जिल्ह्यांत नारळाच्या बागा आडव्या झाल्या, हजारो विजेचे खांब पडले, मोबाइल टॉवर बंद झाले. अशा वेळी मदत घेऊन निघालेल्या माणसाच्या फोनवरचा नकाशा म्हणजे पांढरा चौकोन आणि मध्ये एक निळा ठिपका. आपण कुठे आहोत हे फोनला ठाऊक असते, कारण उपग्रह वादळात पडत नाहीत. पण ठिपक्याखालचा नकाशा नेटवरून यायचा, तो आलेलाच नसतो. जागा सांगणारी यंत्रणा आणि नकाशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आधी डोक्यात पक्के करा. पुढचे सगळे त्यावरच उभे आहे.

काही काळापूर्वी एका कामासाठी मी चार दिवस कुंभकोणमला होतो. कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले हे गाव. सगळीकडे सपाट भातशेती, कालवे, आणि एकसारखी दिसणारी माडांची रांग. रिसेक्शन करायला डोंगर नाही, टेकडी नाही. दिसलेच तर देवळाचे गोपुर. लॅपटॉपचा विमान मोड चालू करून मी मुद्दाम या भागात फिरलो. काय केले ते क्रमाने सांगतो.

बहुतेक लॅपटॉपमध्ये जीपीएस नसतेच. 'लोकेशन' म्हणून तो जे दाखवतो ते आसपासच्या वायफायवरून किंवा नेट जोडणीच्या पत्त्यावरून केलेला अंदाज असतो. नेट गेले की अंदाजही गेला. म्हणून यूएसबीत लावायचा छोटा जीपीएस रिसीव्हर लागतो. तो लावला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'कॉम ३', 'कॉम ५' असा एक पोर्ट दिसतो. तो क्रमांक लिहून ठेवा. वेग बहुधा ९६००, जुन्या रिसीव्हरला ४८००.

रिसीव्हर लावल्या लावल्या जागा मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. फोन नेटवरून उपग्रहांची माहिती आधीच मागवून घेतो, म्हणून तो चटपटीत वाटतो. आपल्या रिसीव्हरला ती उपग्रहाकडूनच ऐकावी लागते, आणि उपग्रह सेकंदाला फक्त ५० बिट या संथ गतीने बोलतो. स्वतःच्या कक्षेची नेमकी माहिती तो दर ३० सेकंदांनी पुन्हा सांगतो. साऱ्या उपग्रहांची ढोबळ यादी पूर्ण व्हायला साडेबारा मिनिटे लागतात. जागा ठरवायला किमान चार उपग्रह हवेत : तीन दिशांसाठी तीन आणि रिसीव्हरच्या साध्या घड्याळातली चूक काढण्यासाठी चौथा. तेव्हा मोकळ्या आकाशाखाली उभे राहा आणि थांबा. शारंगपाणी मंदिराच्या अकरा मजली गोपुराला खेटून उभे राहिलात तर अर्धे आकाश झाकले जाते, आणि भिंतीवरून परतलेले संदेश ठिपक्याला रस्ता ओलांडायला लावतात. चौकात या, ठिपका शांत होतो.

रिसीव्हर जे पाठवतो ते साध्या अक्षरांतल्या ओळी असतात. त्यांतली 'जीजीए' ओळ महत्त्वाची. तिच्यात वेळ, अक्षांश, रेखांश, उपग्रहांची संख्या, उंची हे स्वल्पविराम देऊन लिहिलेले असते. कुंभकोणमला त्या ओळीत अक्षांश साधारण १०५७.६० आणि रेखांश ०७९२२.८० असा दिसेल. हा दशांश अंश नव्हे! पहिले दोन आकडे अंश, उरलेली मिनिटे. रेखांशात पहिले तीन आकडे अंश. म्हणजे १० अंश ५७.६ मिनिटे. ५७.६ ला ६० ने भागा, उत्तर ०.९६, अक्षांश १०.९६. तसाच रेखांश ७९.३८. कोणी घाईत दशांश चिन्ह सरकवून १०.५७६ आणि ७९.२२८ असे कळवले, तर मदतीची गाडी सुमारे ४५ किलोमीटर दूर, ओरत्तनाडच्याही दक्षिणेला जाईल. (ओरत्तनाडला तंजावरच्या सरफोजी राजांच्या काळातले मुक्तांबाळ छत्र आहे. ते जरूर पाहावे, पण अशा चुकीने तिथे पोहोचू नये.) त्या ओळीतली वेळही आपली नसते. तिच्यात साडेपाच तास मिळवा.

आता नकाशा. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर मी वापरतो. त्यात जीपीएसचे पॅनेल आहे; पोर्ट निवडून 'कनेक्ट' केले की ठिपका नकाशावर येतो आणि चाललेली वाट नोंदवता येते. पार्श्वभूमीचा तयार नकाशा मात्र नेटवरचा असतो, त्यावर विसंबू नका. घरूनच ओपनस्ट्रीटमॅपची दक्षिण भारताची फाइल उतरवून घ्या आणि त्यातून हवा तेवढा भाग कापून वेगळा ठेवा. पूर्ण फाइल उघडायला गेलात तर साधा लॅपटॉप हातपाय गाळतो. चित्ररूप तुकडे बनवून ठेवायचे असतील तर आधी हिशोब करा. ४० गुणिले ४० किलोमीटरच्या चौकोनाला सोळाव्या पातळीवर सुमारे साडेचार हजार तुकडे लागतात, आणि प्रत्येक पुढच्या पातळीला चौपट. अठराव्या पातळीवर ते सत्तर हजारांच्या घरात जातात. गल्लीबोळ फक्त शहरापुरते हवेत. शेतांसाठी सोळावी पातळी पुरे.

सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे वापरताना दोन गोष्टी तपासा. जुन्या शीट एव्हरेस्टच्या गोलाभावर आखलेल्या आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर चालते. स्कॅन केलेली जुनी शीट तशीच खाली टाकली तर ठिपका शे-दोनशे मीटर सरकतो, आणि नद्यांच्या या प्रदेशात तेवढ्याने काठ बदलतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज शीटना ही अडचण नाही. दुसरी गोष्ट ग्रिडच्या झोनची. सातारा, पुणे, नाशिक झोन ४३ मध्ये येतात. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला झोन ४४ सुरू होतो, म्हणजे वर्धा, नागपूर आणि कुंभकोणमही. साताऱ्याच्या कॅम्पची प्रोजेक्ट फाइल तशीच नेऊन तिच्यात कुंभकोणमचा ग्रिड टाकलात, तर ठिकाण सहा अंश पश्चिमेला, लक्षद्वीपजवळ अरबी समुद्रात दिसेल.

या सपाट प्रदेशाने मोजणीदारांना पूर्वीही दमवले आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. कावेरीच्या खोऱ्यात त्याला उंच जागा मिळेना, म्हणून त्याने गोपुरांवर चढून कोन मोजले. कुंभकोणमपासून ४० किलोमीटरवर तंजावरच्या मोठ्या देवळावर १८०८ साली त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट दोरांनी वर चढवत होते. दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. लॅम्बटनने ते स्वतः दुरुस्त केले आणि मोजणी पुढे नेली. १८२३ साली तो गेला तो आपल्या वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटला.

सैनिकी दृष्टीने एक मुद्दा. जीपीएस रिसीव्हर फक्त ऐकतो, काही प्रक्षेपित करत नाही; तो वापरल्याने तुमची जागा कोणाला कळत नाही. लॅपटॉपचे वायफाय आणि ब्लूटूथ मात्र सतत हाका मारत असतात, ते बंद ठेवा. उलट उपग्रहाचा संदेश सुमारे २०,००० किलोमीटरवरून येतो आणि फार क्षीण असतो. थोड्या शक्तीच्या यंत्राने तो दाबता येतो. माझ्या लॅपटॉपची बॅटरी उन्हात पडदा पूर्ण उजळ ठेवल्यावर तीन तासांत संपली. त्या दिवशी उरलेली वाट मी छापील शीट, कंपास आणि पावले मोजून काढली. म्हणून दर अर्ध्या तासाने ग्रिड रेफरन्स वहीत लिहायची सवय मी मोडू देत नाही.

पुढच्या तासाला येताना हे सोडवून आणा. 'जीजीए' ओळीत वेळ १२१५३०, अक्षांश १०४६.९७ उत्तर, रेखांश ०७९०७.९१ पूर्व, उपग्रह ९. भारतीय वेळ किती? दशांश अंश किती? झोन कोणता? आणि त्या जागी कोणती इमारत उभी आहे? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर याच लेखात आहे.