नसबंदीनंतर पुन्हा मातृत्व

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामीच्या लाटांनी नागपट्टणमच्या कोळीवस्त्यांतील कित्येक मातांची सारी मुले हिरावून नेली. त्यांपैकी अनेकींची कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया पूर्वीच झालेली होती. तेव्हा तामिळनाडू शासनाने बीजवाहिन्या पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया अशा मातांसाठी विनामूल्य केली.

अशा दुःखाला त्सुनामीच लागते असे नाही. मूल विहिरीत पडते, सर्पदंशाने दगावते. मग ‘शस्त्रक्रिया झाली, आता उपाय नाही’ म्हणून घर हताश होते आणि नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू होते. ही समजूत अर्धीच खरी आहे. नसबंदी कायमचीच मानून करावयाची असते, हे संमतिपत्रातही लिहिलेले असते. परंतु तीमुळे स्त्रीबीज तयार होणे थांबत नाही. केवळ त्याची वाट बंद होते.

ती वाट मोकळी करताना शल्यचिकित्सक बंद भाग काढून दोन्ही टोके अतिसूक्ष्म धाग्यांनी जोडतात. यश मुख्यतः उरलेल्या नळीवर अवलंबून असते. कडी वा चाप बसविलेला असल्यास नळीची हानी थोडी होते. नळीचा मोठा भाग कापला वा जाळला असल्यास आशा कमी. म्हणून जुन्या शस्त्रक्रियेचा कागद जपून ठेवावा व डॉक्टरांना दाखवावा. पतीच्या वीर्याची तपासणीही आधीच करावी. ती टाळण्याकडेच घरच्यांचा कल असतो. वयाचे महत्त्व याहून अधिक आहे. पस्तिशीनंतर गर्भधारणेची शक्यता झपाट्याने घटते. शोकाकुल दांपत्यास घाई करू नये हे खरे, पण चौकशीस वर्षानुवर्षे लावणेही परवडत नाही.

नळ्या जोडण्याजोग्या नसल्यास किंवा वय अधिक असल्यास ‘टेस्ट ट्यूब बेबी’चा मार्ग उरतो. त्यात नळ्यांची गरजच पडत नाही. १९७८ साली इंग्लंडमध्ये या पद्धतीने जन्मलेल्या पहिल्या बालिकेच्या आईच्या नळ्या बंदच होत्या. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांनी ६ ऑगस्ट १९८६ रोजी असे बालक जन्मास आले. मात्र हा उपचार खर्चाचा असून अनेकदा पुन्हा करावा लागतो. २०२१ च्या कायद्यानुसार तो नोंदणीकृत केंद्रातच, २१ ते ५० वर्षे वयाच्या स्त्रीवर करता येतो.

जोडलेल्या नळीतच गर्भ रुजण्याचा धोका असतो. पाळी चुकताच सोनोग्राफी करावी; पोटात तीव्र वेदना वा भोवळ आल्यास घरगुती उपाय न करता रुग्णालय गाठावे.