नाचणी-केळ्याची पानगी

मुलास उपाशीपोटी शाळेत धाडणे इष्ट नव्हे. कोकणातील पानगी ही त्यासाठी सोपी व सकस न्याहारी होय. नाचणीत दर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात ते जेमतेम १० असते.

कृती : दोन वाट्या नाचणीच्या पिठात दोन पिकलेली केळी कुस्करावीत. चार चमचे गूळ, चिमूटभर मीठ व बेताचे पाणी घालून पीठ सैलसर कालवावे. तेल लावलेल्या केळीच्या पानावर ते पातळ थापून वर दुसरे पान ठेवावे. तव्यावर झाकण घालून मंद विस्तवावर दोन्ही बाजू भाजाव्यात. पान करपून सुटू लागले म्हणजे पानगी झाली.

गरम पानगीबरोबर पेरूची फोड अवश्य द्यावी; तिच्यातील क जीवनसत्त्वामुळे नाचणीतील लोह अधिक अंगी लागते. ग्राम कार्यकर्त्यांनी ही कृती महिला मंडळांत करून दाखवावी.