व्यंगवाचक शब्द आणि श्रोत्याचे उत्तर

१

कचेरीत एखाद्याला समोरची फाइल दिसली नाही, की ‘आंधळा आहेस काय?’ असे विचारले जाते. हाक ऐकू आली नाही, तर ‘बहिरा झालास काय?’ असा प्रश्न येतो. सावकाश काम करणाऱ्याला ‘मतिमंद’ हे विशेषण लावण्यास कोणी फारसा विचार करीत नाही. बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी कोणी अंध वा कर्णबधिर व्यक्ती बहुधा नसतेच. त्यामुळेच ऐकणाऱ्याची अडचण होते. बोलणारा ओळखीचा असतो, पुष्कळदा वयाने मोठाही असतो. रागावावे तर अतिरेक वाटतो. गप्प राहावे तर आपली संमती गृहीत धरली जाते. प्रस्तुत लेखात ह्या अडचणीचा भाषेच्या अंगाने विचार करावयाचा आहे.

२

अशा शब्दांचे मराठीतील वापर स्थूलमानाने चार प्रकारचे आढळतात. पहिला ओळख सांगण्याचा : ‘त्या पांगळ्याचे दुकान’. दुसरा हाक मारण्याचा : ‘ए लंगड्या’. तिसरा दूषणाचा, ह्यात धडधाकट माणसाला दोष देण्यासाठी व्यंगाचे नाव वापरले जाते. चौथा रूढ शब्दसंहतींचा : ‘लंगडी सबब’, ‘काणाडोळा करणे’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’, ‘आंधळी कोशिंबीर’.

ह्या चारही प्रकारांस एकच माप लावणे उचित होणार नाही. पहिल्या दोहोंत एक जिवंत, नाव असलेला माणूस समोर आहे आणि त्याचे नाव पुसले गेले आहे. तिसऱ्यात तो प्रत्यक्ष नाही, परंतु त्याची स्थिती शिवी म्हणून वापरली गेली आहे. चौथ्यात मूळ अर्थ पुष्कळ वेळा मावळलेला असतो. ‘काणाडोळा’ म्हणताना एकाक्ष माणसाचे चित्र क्वचितच कोणाच्या डोळ्यांपुढे येत असेल.

तथापि रूढ म्हणींतही व्याकरण काही सांगून जाते. ‘आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं’ ह्या म्हणीतील दळणारी व्यक्ती नपुंसकलिंगी आहे. मराठीत मोठ्या माणसाविषयी नपुंसकलिंग योजले जाते ते बहुधा कीव किंवा तुच्छता दाखविण्यासाठी : ‘ते बिचारं’, ‘ते वेडं’. कीव आणि तुच्छता एकाच प्रत्ययाने व्यक्त व्हाव्यात, ही गोष्ट अभ्यासकाने लक्षात घेण्याजोगी आहे.

३

ह्याच परंपरेत दुसरी एक रचनाही उपलब्ध आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात असा नियम दिला आहे, की ज्या अवयवाच्या विकारामुळे व्यक्ती विकारयुक्त म्हणून ओळखली जाते, त्या अवयवाच्या वाचकास तृतीया विभक्ती लागते. मराठीने ही रचना सांभाळलेली आहे : ‘एका डोळ्याने आंधळा’, ‘पायाने अधू’. येथे उणीव अवयवाच्या ठिकाणी सांगितली जाते; माणूस तिच्याहून मोठा राहतो. ‘पायाने अधू असलेले गृहस्थ’ आणि ‘लंगडा’ ह्यांतील वस्तुस्थिती एकच आहे. मात्र पहिल्यात गृहस्थ शिल्लक आहे, दुसऱ्यात केवळ व्यंग. सभ्य बोलण्यासाठी नवी परिभाषा घडवावीच लागते, असे त्यामुळे म्हणता येत नाही.

४

‘जे खरे आहे तेच बोललो’ हा अशा प्रसंगी बोलणाऱ्याचा नेहमीचा बचाव असतो. प्राचीन धर्मशास्त्राने आणि अर्थशास्त्राने तो स्वीकारलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात, काण्याला काणा किंवा लंगड्याला लंगडा असे खरेपणाने म्हणणाऱ्यासही किमान एक कार्षापण दंड सांगितला आहे. कौटिल्य तिसऱ्या अधिकरणात वाक्पारुष्याचा विचार करताना अधिक बारकाईने भेद करतो. व्यंग खरे असता त्यावरून बोलल्यास तीन पण, खोटे असता सहा पण, आणि व्यंग असलेल्यास उपरोधाने ‘काय सुंदर डोळे!’ अशा प्रकारची स्तुती केल्यास बारा पण दंड. उघड निंदेच्या चौपट दंड स्तुतीच्या मिषाने केलेल्या निंदेस आहे.

ह्या निर्णयाचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘विकलांग’ ऐवजी ‘दिव्यांग’ शब्द सुचविला आणि पुढे तो शासकीय व्यवहारात रूढ झाला. अनेकांनी त्याचे स्वागत केले. ‘दिव्य’ म्हणण्याने हक्कांचा प्रश्न झाकला जातो, असा आक्षेपही अपंगांच्या चळवळीतून घेतला गेला. शब्द गौरवाचा असला तरी स्वर उपहासाचा असू शकतो. ‘काय, दिव्यांग आहेस काय?’ ह्या वाक्यात नवा शब्द जुन्याच कामास जुंपलेला असतो. केवळ शब्द बदलल्याने वृत्ती बदलत नाही, हे कौटिल्याच्या बारा पणांवरून समजून घ्यावयास हवे.

मात्र ह्या ग्रंथांचा गौरव करताना त्यांची मर्यादा नजरेआड करता येणार नाही. तेथील दंड वर्णाप्रमाणे कमीअधिक होत. तीच मनुस्मृती नवव्या अध्यायात जन्मांध, बधिर, मूक इत्यादिकांस वारसाहक्क नाकारते व केवळ पोषणाची तरतूद करते. हा निर्बंध १९२८ च्या कायद्याने बहुतांशी आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने पूर्णपणे दूर झाला. बोलण्यातील सौजन्य आणि व्यवहारातील वंचना ही एकत्र नांदू शकतात, हा धडा त्यातून घ्यावयाचा.

५

मराठी संतवाङ्मयाने ह्या शब्दांचा एक वेगळा उपयोग केला. एकनाथांच्या भारुडांत आंधळा, बहिरा, मुका, पांगळा ही पात्रे येतात आणि स्वतःच्या मुखाने बोलतात. व्यंग हे तेथे संसारात गुंतलेल्या जीवाचे रूपक आहे आणि त्याचा रोख श्रोत्यांच्या स्वतःच्या आंधळेपणाकडे वळतो. रूपकासाठी व्यंग वापरले गेले हे खरेच. परंतु बोट दुसऱ्याकडे दाखविलेले नाही. हिंदी प्रदेशात अंध व्यक्तीस ‘सूरदास’ म्हणून आदराने हाक मारण्याची रीत पडली. प्रेमचंदांच्या ‘रंगभूमि’ (१९२५) ह्या कादंबरीचा अंध नायक ह्याच नावाचा आहे. आदराचे सामान्यनामही व्यक्तीचे स्वतःचे नाव कसे गिळून टाकते, ह्याची जाण त्या कादंबरीच्या आरंभीच दिसते. स्वतःविषयी प्रथमपुरुषी बोलण्याचा अधिकार आणि दुसऱ्यास नाव ठेवण्याचा अधिकार हे भिन्न आहेत. अंध मित्र आपापसांत जो विनोद करतात, तो डोळसाने उचलू नये, ह्याचे कारण हेच.

६

आता उत्तराचा विचार. वरील चार प्रकारांस अनुसरून उत्तरेही निराळी होतात.

ओळख सांगताना व्यंगाचा उल्लेख झाला, तर नाव परत आणणे हे उत्तम उत्तर होय. ‘त्या पांगळ्याच्या दुकानात मिळेल’ असे कोणी वडीलधारे म्हणाले, तर ‘सदाशिवरावांच्या दुकानात ना काका? मिळेल तिथे’ एवढे पुरते. येथे उपदेश नाही, अवमान नाही. तरी चूक दुरुस्त झाली आहे.

दूषण म्हणून शब्द आला, तर खऱ्या दोषाचे नाव सांगावे. ‘आंधळा आहेस काय?’ ह्यास ‘चूक हयगयीची आहे, डोळ्यांची नव्हे’ हे उत्तर नेमके आहे. अशा शिवीत एक तार्किक दोष असतो : निष्काळजी माणसाचा दोष ती अंध माणसाच्या नावावर मांडते. ‘लंगडी सबब’ च्या जागी ‘न पटणारी सबब’ म्हणता येते, आणि अर्थ उलट अधिक स्पष्ट होतो.

थेट हरकत घ्यावयाची झाल्यास नात्याचा विचार करावा. ‘असे बोलू नये’ ही मराठीची अकर्तृक रचना वडिलांनी मुलांस सांगण्याची आहे. धाकट्याने थोरास ती ऐकविली तर शब्द बाजूला राहून मानापमानाचाच प्रश्न उभा राहतो. तेथे ‘काका, तो शब्द राहू द्या’ हे अधिक पोचते. बरोबरीच्या मित्रास ‘हा शब्द नको, बाबा’ असे सरळ म्हणता येते. चारचौघांत पाणउतारा करण्यापेक्षा मागाहून एकांतात बोलणे सामान्यतः बरे. मात्र ज्याच्याविषयी बोलले गेले तो समोर बसला असेल, तर मागाहून बोलणे पुरेसे नाही. त्याच्या देखत झालेल्या गोष्टीस त्याच्या देखतच उत्तर मिळावयास हवे. तो स्वतः उत्तर देऊ लागला, तर आपण थांबावे. त्याच्या वतीने बोलता बोलता त्याचे बोलणे हिरावून घेणे, हाही अनादरच.

रूढ म्हणींविषयी निवाडा सावधपणे करावा. म्हणींचे संग्रह शुद्ध करीत बसण्याचे कारण नाही. अभ्यासकाला त्या मुळाबरहुकूम हव्यात. बोलताना मात्र एक कसोटी पुरे : ती स्थिती असलेला माणूस शेजारी बसला असता आपण हे वाक्य असेच उच्चारले असते काय?

७

अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील कलम ९२ प्रमाणे, सार्वजनिक दृष्टिपथातील ठिकाणी मानहानीच्या हेतूने हेतुपुरस्सर केलेला अपमान सहा महिने ते पाच वर्षे कारावासास पात्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ रोजी, चित्रपटांतील चित्रणासंबंधीच्या एका निर्णयात, अपंगत्वाची समज वाढविणारा विनोद आणि अपंगांस हीन लेखणारा विनोद ह्यांत भेद केला. परंतु कायद्याला हेतू लागतो, आणि सहज बोलून गेलेल्या शब्दामागे तो नसतो. ओसरीवर, आगगाडीच्या डब्यात, कचेरीतील चहाच्या वेळी जे बोलले जाते, ते कायद्याच्या कक्षेत बहुधा येत नाही. तेथे भाषेचे रक्षण करणारा एकच असतो, तो म्हणजे ऐकणारा. शब्दाला रूढी लाभते ती बोलणाऱ्यामुळे जितकी, तितकीच मुकाट्याने ऐकून घेणाऱ्यामुळेही. ‘मुकाट्याने’ ह्या शब्दातही ‘मुका’ आहेच; पण बोलता येत असून गप्प राहणे हा मुक्या माणसाचा दोष नव्हे, आपला आहे.